जुन्या दवाखान्यातलं संग्रहालय बघून आलो (यावलच्या बाजूला). लांबलचक आहे, चहा घेऊन बसा

पांढरीची माती (रविवार, रात्री ९.४०)

मागच्या आठवड्यात लग्नाला गेलो होतो, यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला. हळद आदल्या दिवशीच झालेली, लग्न गोरज मुहूर्ताचं. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडवात बसून लाऊडस्पीकर ऐकायचा. मामांना दया आली. म्हणाले, "चल, तुला डॉक्टरांचा दवाखाना दाखवतो." मला वाटलं कुणाला तरी भेटायला जायचंय. निघालं संग्रहालय.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. छताचं काम बाकी आहे आणि कागदपत्रंही व्हायची आहेत. तोवर गर्दी नको, अशी तिथल्या मंडळींची विनंती आहे. ज्यांना ओळखू येईल त्यांनी मनात ठेवावं.

इमारत साधी, तीन खणांची. धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर, सागवानी खांब, पुढे ओसरी. स्वातंत्र्याच्या आधीपासून ऐंशीच्या दशकापर्यंत एकाच डॉक्टरांनी इथे दवाखाना चालवला. ते डॉक्टरकीच्या जुन्या एल.सी.पी.एस. परीक्षेचे. मुलं बाहेरगावी गेली, घर बंद पडलं. पुढे गावातल्या दोन-तीन निवृत्त शिक्षकांनी चावी मागून घेतली आणि घरोघर फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यातले एक नाना आम्हाला भेटले. वय सत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं.

पुढच्या मोठ्या खोलीत, म्हणजे पूर्वी पेशंट बसायचे तिथे, नेहमीचा ऐवज आहे. पायली, अधोली, शेर, मापटं असा पितळी मापांचा संच. घंघाळं, कंदील, मोटेचा चामडी तुकडा, गंजलेली तलवार. एका काचेखाली खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळातली म्हणून ठेवलेली तांब्याची नाणी, शेजारी मोडी कागद. भिंतीवर १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची झेरॉक्स केलेली छायाचित्रं, कारण खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन आणि हा परिसर त्याला जवळचा. सगळं नीट पुसलेलं, कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. पण खरं सांगू? असं मी आधी चार ठिकाणी पाहिलंय. तलवार बघून झाली की माणूस घड्याळ बघतो.

मग मला डाव्या हाताच्या भिंतीत एक खिडकी दिसली. खिडकी म्हणजे हातभर रुंद चौकोन, आत लाकडी झडप. नानांना विचारलं तर म्हणाले, "ती औषधाची खिडकी. आत कंपाउंडर बसायचा." त्या खिडकीवर कार्ड नव्हतं. त्यावर एक प्लास्टिकची फुलदाणी ठेवलेली होती.

मी फुलदाणी उचलली. खालची फळी सागाची, चार बोटं जाड, आणि तिला दोन खळगे पडलेले. एक बाहेरच्या बाजूला, लांबट, उथळ. दुसरा आतल्या बाजूला, वाटीच्या बुडाएवढा गोल आणि चांगला खोल. बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. नाना म्हणाले, बाहेरचा खळगा पेशंटच्या कोपरांचा. ताप आलेला माणूस उभा राहणार किती वेळ? तो कोपर टेकायचा. आणि आतला खळगा बाटल्यांचा. मिक्श्चर भरलं की कंपाउंडर बाटली तिथे आपटायचा, बूच घट्ट बसावं म्हणून. दिवसाला किती बाटल्या, वर्षाला किती, याचा मी हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

एवढ्यावर नाना रंगात आले. टेबलाच्या खणातून कात्री काढली, वहीचा कागद फाडला, लांब पट्टी केली. ती घडीवर घडी घातली आणि घडीच्या कडेला एक तिरकी कात्री मारली. उलगडली तर पट्टीच्या काठावर सारख्या अंतराने खाचा! ही पट्टी खळ लावून बाटलीला उभी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. "वाचता येत नव्हतं कोणाला, पण खाच सगळ्यांना कळायची," नाना म्हणाले. त्यांचे वडील तिथे सात वर्षं कंपाउंडर होते. हे त्यांनी तोवर सांगितलंच नव्हतं.

मागची खोली कुलूपबंद. 'भंगार' म्हणाले. हट्ट केला तर उघडली. आत पेशंटांचं लांब बाकडं, तपासणीचं टेबल, इनॅमलच्या किडनी ट्रे, काचेच्या सिरिंजा उकळायचा डबा, स्पिरिटचा दिवा, तांब्याच्या पारड्यांचा छोटा तराजू, आणि कपाटभर बाटल्या. काही अर्ध्या भरलेल्या. आणि कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरांची कमरेएवढी चळत.

सांगायचं ते एवढंच: गावचा खरा इतिहास मागच्या खोलीत कुलपात आहे आणि पुढे तलवार आहे. हे नानांना कसं सांगावं, कळेना. तुम्ही लोक सुचवा.

---

शेवभाजी (रविवार, रात्री १०.०५)

गाव सांग ना भो! मी कोणाला सांगतोय. बरं, लग्नात भरीत होतं का ते आधी लिहायचं सोडून तलवारीचं काय घेऊन बसला.

पांढरीची माती (रविवार, रात्री १०.११)

भरीत नव्हतं. उन्हाळ्यात कुठे मिळतात ती लांबट हिरवी वांगी? वरणबट्टी होती, गंगाफळाची भाजी होती. समाधान?

---

जिभाऊ धुळेकर (रविवार, रात्री ११.३०)

पट्टीचं वाचून डोळ्यांसमोर आलं सगळं. आमचं गाव साक्रीच्या बाजूला. गावात दवाखाना नव्हता, बैलगाडीने पाच कोस जावं लागायचं. बाटली घरची न्यावी लागे. मन्ही माय म्हने, "बाटली धुई ले, नहीतं कंपाउंडर परत धाडी दी." आमच्या घरी त्यासाठी एक ठरलेली बाटली होती. रॉकेल भरायची वेगळी आणि ही वेगळी, गळ्याला लाल दोरा बांधलेली. चुकून अदलाबदल झाली तर, म्हणून.

आणि लाल मिक्श्चर! पोट दुखो, डोकं दुखो, तेच. गोड-तिखट लागायचं. मी पोटदुखीचं सोंग करून दोनदा प्यायलोय, हे आज पासष्टाव्या वर्षी कबूल करतो. क्विनाईनचं मात्र सोंग कोणी केलं नाही. ते घेतल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत भाकरीसुद्धा कडू लागायची.

तुम्ही नानांना एक विचारा. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, येणारे कुठे बसत? आमच्याकडे त्यांना 'देवी डॉक्टर' म्हणत. ते आले की पोरं ज्वारीच्या शेतात पळायची. दंडावर सुई गोल फिरवायचे. माझ्या डाव्या दंडावर दोन खुणा आहेत, रुपयाएवढ्या. नातू विचारतो, आजोबा तुम्हाला कोणी चावलं का? घरात देवी आल्या की आजी दाराला कडुनिंब बांधायची, फोडणी बंद, आणि शितळा सातमला शिळं अन्न. डॉक्टर आणि शितळामाता दोघांनाही ती मानायची. त्यात तिला काही विसंगत वाटलं नाही.

---

मोडीवाली (सोमवार, सकाळी ७.५०)

मी अभिलेखागारात कागदांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून दोन गोष्टी घाईने लिहितेय.

पहिली: रजिस्टरं कोणीही लॅमिनेट करू नका. दरवेळी कोणीतरी उत्साही माणूस हेच करतो. उष्णतेने प्लास्टिक कागदावर एकदा बसलं की निघत नाही, आणि आतला आम्लधर्मी कागद कुजत राहतो. सेलोटेपही नको. दहा वर्षांत त्याचा गोंद पिवळा होतो आणि अक्षरंच खातो. जळगावच्या उन्हाळ्यात तर विचारू नका, पारा पंचेचाळीसला गेला की टेप आपोआप सुटतो आणि डाग तेवढा ठेवतो. मऊ ब्रशने धूळ झाडा, सुती कापडात बांधा, भिंतीपासून चार बोटं लांब लाकडी फळीवर ठेवा. चळत जमिनीवर असेल तर आजच उचला. वाळवी जमिनीतून वर चढते. आणि छताचं काम निघण्याआधी ती खोली रिकामी करा, धाब्याची माती गळायला लागली तर पहिला घास कागदांचाच.

दुसरी: ती पेशंटांची रजिस्टरं आहेत. नाव, आडनाव, गाव, रोग. सगळं उघडं मांडू नका. गावं लहान असतात. 'अमक्याच्या आजीला अमका आजार होता' हे काचेखाली दिसलं तर नातवाच्या सोयरिकीपर्यंत जातं.

---

कापूसकोंड्या (सोमवार, सकाळी ९.१५)

मोडीवाली ताई, तुमचं पहिलं शंभर टक्के मान्य. दुसऱ्यावर भांडायचंय.

रजिस्टर दाखवायचं नाही तर ठेवायचं कशाला? सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे पेशंट आता हयात नाहीत. आणि तिथे जे सापडेल ते दुसरीकडे कुठेच सापडणार नाही. माझे आजोबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. दिवाळीनंतर जीन सुरू झाली की संक्रांतीपर्यंत बोटं गेलेले, कापसाच्या धुळीने खोकणारे रोज दवाखान्याच्या दारात. ते कुठल्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय? १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कापसाच्या जाती आणि गाठी सापडतील, आजोबांचं बोट सापडणार नाही. ते फक्त त्या रजिस्टरात आहे.

पांढरीची माती, तुम्ही एखादं पान पाहिलंत का?

पांढरीची माती (सोमवार, दुपारी १.२०)

पाहिलं, पाच-सहा पानं. सांगतो, नावं वगळून.

वैशाख-ज्येष्ठात विंचू. ओळीने विंचू. घरं शाकारायला काढली, लाकडं हलवली की चावायचा. भाद्रपद-आश्विनात 'थंडी ताप'. तेच दोन शब्द पानभर, खाली फक्त वरच्यासारखंच अशी दोन टिंबं. मग दिवाळीच्या आसपास भाजलेले, आणि मग कापूसकोंड्या म्हणतात तसं 'हात, जीन'. एवढंच, 'हात, जीन'. पुढे रकान्यात टाके किती ते.

शेवटच्या रकान्यात फी. त्यात पैसे कमी, बाकीच जास्त. 'हंगामावर'. 'ज्वारी २ पायली, पोच'. एके ठिकाणी 'केळीचा घड १'. एका ओळीपुढे नुसती आडवी रेघ. मी विचारलं तर नाना म्हणाले, ती रेघ म्हणजे मागायचं नाही.

मोडीवाली (सोमवार, दुपारी ३.०५)

बघा, तुम्ही नावं वगळून सांगितलंत आणि तरी सगळं पोचलं. माझं म्हणणं तेवढंच. एक पान निवडा, त्याचा फोटो घ्या, फोटोत नावांचा रकाना झाका आणि तो लावा. मूळ रजिस्टर कपाटात. संशोधनाला कोणी आलं तर नानांनी समोर बसून दाखवावं.

कापूसकोंड्या, तुमच्या आजोबांचं बोट मी काढून घेत नाहीये.

कापूसकोंड्या (सोमवार, दुपारी ३.१८)

😄 ठीक. पण आडवी रेघ दिसली पाहिजे फोटोत.

---

वैशाखवणवा (सोमवार, रात्री ८.४५)

माफ करा, पण मला या गोडगोड आठवणींचा कंटाळा आलाय. आमच्या गावच्या आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळत नाही, साप चावला की गाडी करून जिल्ह्याला पळावं लागतं. आणि आपण इथे जुन्या सिरिंजा मांडायच्या? तेव्हाही लोक मरतच होते. बाळंतीण गेली, पोर गेलं हे त्या रजिस्टरात किती वेळा आहे ते मोजा आणि मग खळग्यांचं कौतुक करा.

जिभाऊ धुळेकर (सोमवार, रात्री ९.३०)

वणवा, रागावू नका, पण तुम्ही म्हणता ते तर मांडलं पाहिजे. माझे दोन भाऊ लहानपणीच गेले. एकाचं नाव ठेवायचंही राहिलं होतं. जुनं ते चांगलं म्हणणारा माणूस मी नाही.

तुम्हाला नारू माहीत आहे? तुमच्या पिढीने पाहिला नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे. त्या पाण्यात बारीक पाणपिसू असायची, तिच्या पोटात नारूची अळी. पाणी प्यायलं की वर्षभराने पायाला फोड, आणि फोडातून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. हातभर, कधी दोन हात. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळायचा, रोज थोडा, दोन-चार बोटं. महिना जायचा. आणि नेमका पेरणीच्या वेळी. शेतकरी काडी बांधलेला पाय घेऊन ओट्यावर बसून दुसऱ्याच्या शेतातलं तिफण बघत बसायचा. माझा चुलता असा बसलेला मी पाहिलाय.

त्यावर ना लस होती ना गोळी. पायऱ्या बुजवल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळून प्यायला लावलं, एवढ्यावर गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. हे तुमच्या संग्रहालयात कुठे आहे? एक काडी आणि एक पांढरा दोरा ठेवा. तलवारीपेक्षा जास्त लोक तिथे थांबतील.

वैशाखवणवा (सोमवार, रात्री १०.०२)

जिभाऊ, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या गावात पायविहिरीच्या पायऱ्या सिमेंटने बंद केल्यात आणि मी आजवर नावं ठेवत होतो, हेरिटेज घालवलं म्हणून.

---

खलबत्ता (मंगळवार, सकाळी ६.३०)

मी फार्मासिस्ट, दुकान वडिलांपासूनचं. तराजूबद्दल लिहायला बसलो होतो. त्या छोट्या पारड्यांवर ग्रेनची वजनं चालायची. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. साठ ग्रेनचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस. तुमच्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी ६५० ची का असते, ६०० किंवा ७०० ची का नाही? कारण ती दहा ग्रेन. ३२५ म्हणजे पाच ग्रेन. मेट्रिक येऊन साठ वर्षं उलटली तरी ग्रेन आपल्या पोटात जातोच आहे.

पण तुमचं पहिलं पोस्ट परत वाचलं आणि झोप उडाली. अर्ध्या भरलेल्या बाटल्या. त्यात पिवळं काही आहे का? स्फटिकासारखं, किंवा तळाशी पिवळा थर वाळलेला? असेल तर कृपा करून कोणीही हात लावू नका.

जुन्या दवाखान्यांत भाजल्यावर लावायला पिक्रिक आम्ल असायचं. पाण्यात भिजलेलं असताना ठीक. पण वर्षानुवर्षं वाळलं की ते स्फोटक बनतं. धक्क्याने, घर्षणाने उडू शकतं. झाकण धातूचं असेल तर आणखी वाईट, कारण धातूशी मिळून झालेली संयुगं त्याहून नाजूक. बूच फिरवणं म्हणजेच घर्षण. दुसरं, ईथरची जुनी बाटली. तीही उघडायची नाही. पारा सांडलेला असेल तर झाडूने झाडायचा नाही.

मी घाबरवत नाहीये. पण 'साफसफाई करू' म्हणून कोणी पोरगं बाटली घासायला बसायच्या आत फोन करा.

पांढरीची माती (मंगळवार, सकाळी ७.०५)

आहेत. पिवळ्या दोन आहेत. फोटो मोठा करून बघितला. एकीचं लेबल कसरीने खाल्लंय. नानांना फोन लावतोय.

शेवभाजी (मंगळवार, सकाळी ७.२०)

माझे काका वरणगावच्या आयुध निर्माणीतून रिटायर झालेत. त्यांना वाचून दाखवलं. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यात हेच भरायचे." आणि म्हणाले, खोलीला कुलूप लावा, पोलिसांना कळवा, शहाणपणा करू नका. मी पण आता गाव विचारत नाही.

खलबत्ता (मंगळवार, सकाळी ७.४०)

काका बरोबर बोलले. दोन पिवळ्यांपैकी एक आयोडोफॉर्म (जखमेवर लावायची जंतुनाशक पूड) असू शकते. त्याला जुन्या इस्पितळाचा तो विशिष्ट उग्र वास असतो, बंद बूचातूनही येतो, आणि ती स्फोटक नसते. पण वास घ्यायला जवळ जाऊ नका! ओळखायचं काम ज्यांचं आहे त्यांना करू द्या.

---

पाटणादेवी (मंगळवार, दुपारी १२.१०)

बाटलीचं काय होतं ते कळेपर्यंत थोडं अवांतर.

डॉक्टर आणि संग्रहालय म्हटल्यावर आमच्या चाळीसगावकरांना भाऊ दाजी आठवणारच. मुंबईतल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे, १८५१ सालचे डॉक्टर. दवाखाना चालवून उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचे. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख त्यांनीच उजेडात आणला, १८६५ मध्ये त्यावर निबंध छापला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा तो लेख, शके ११२८ चा. त्यात गावकऱ्यांनी बाजारातल्या मालावर काय काय द्यायचं तेही आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचं आपलं बाजारहाट. तो लेख आपल्याला कळला तो एका डॉक्टरामुळे. भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे ते उगाच नाही. तेच त्याचे संस्थापक.

मोडीवाली (मंगळवार, दुपारी १२.४०)

थोडी दुरुस्ती. ते उभं राहण्यामागे भाऊ दाजींचा मोठा हात होता हे खरं, पण एकट्याला संस्थापक म्हणता येणार नाही. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाने उघडलं. भाऊ दाजी लाड हे नाव १९७५ साली मिळालं.

पाटणादेवी (मंगळवार, दुपारी १२.५५)

मान्य. घाईत लिहिलं. आणि राहत्या घराचं संग्रहालय कसं असावं हे बघायचं तर नानांना एकदा चाळीसगावला आणा. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. माणूस १९८९ ला गेला, पण खुर्ची, कॅमेरा, दिवे बघताना वाटतं आत्ताच उठून आत गेलाय. तिथे वस्तू घर सांगतात. तुमच्या दवाखान्यात सध्या घर गप्प बसलंय आणि बाहेरच्या वस्तू बडबड करतायत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांना चांगली सोबत मिळेल. ते इथे जागा का अडवून बसलेत?

कापूसकोंड्या (मंगळवार, दुपारी १.३०)

मोडी कागद द्यायचे नाहीत. एकदा गावाबाहेर गेलेली वस्तू परत येत नाही. आमच्या गावातला एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) 'अभ्यासाला' म्हणून गेला, अजून अभ्यासच चालू आहे.

---

पांढरीची माती (शुक्रवार, रात्री ९.५५)

उशीर झाला, माफी. तीन दिवस फोनवरच होतो.

नानांना मंगळवारी सकाळी सांगितलं तेव्हा आधी ते हसले. "अरे, मी दर दसऱ्याला पुसतो त्या बाटल्या." मग खलबत्तांचं पोस्ट वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "पिवळीचं बूच घट्ट झालंय म्हणून मागच्या वर्षी पक्कड लावणार होतो. लाईट गेली म्हणून राहिलं."

पोलिसांना कळवलं. पहिल्यांदा कोणी मनावर घेईना, दवाखान्यातल्या औषधाला काय घाबरायचं म्हणून. शेवटी शेवभाजीच्या काकांनी स्वतः फोन केला आणि त्यांच्या भाषेत सांगितलं. (काका, तुम्हाला भरीत माझ्याकडून. थंडीत.) गुरुवारी पथक आलं. आजूबाजूची चार घरं रिकामी केली. दोघे आत गेले, वाळूच्या पेटीत एक बाटली घेऊन आले. दुसरी तिथेच ठेवली, ती आयोडोफॉर्मच निघाली, खलबत्ता. नेली त्या बाटलीचं पुढे काय केलं ते कोणी सांगितलं नाही. नाल्याच्या बाजूने एक आवाज आला असं पोरं म्हणतात, पण पोरं काय, काहीही म्हणतात.

अख्खं गाव बाहेर उभं होतं. संग्रहालय सुरू झाल्यापासून एवढी माणसं तिथे कधी आली नव्हती. पथक गेल्यावर कोणी घरी जाईना. म्हातारी माणसं ओसरीवर चढली आणि आत शिरली. तलवारीसमोरून सरळ पुढे गेली ती मागच्या खोलीत, कारण कुलूप पहिल्यांदाच उघडं होतं. एक आजी तपासणीच्या टेबलाजवळ गेल्या, त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे इतकं बुटकं होतं का गं?" सुनेला विचारत होत्या. तिला काय माहीत.

नानांनी त्याच दिवशी ठरवलं. मी काही सुचवलं नाही, शपथ. फुलदाणी काढली. तलवार आणि नाणी छोट्या खोलीत नेली. मोडी कागद गावातच राहणार, मोडीवाली ताई पुढच्या महिन्यात येऊन बघणार आहेत. (त्यांनी स्वतःहून फोन केला. धन्यवाद, ताई.) रजिस्टरं फळीवर चढली. एका पानाचा फोटो काढून लावायचाय, नावांचा रकाना झाकून. पान कुठलं ते कापूसकोंड्यांनी ठरवावं, आडवी रेघ असलेली तीन निवडून पाठवतो. नारूसाठी नानांनी तुरीची काडी आणि गोधडीचा पांढरा दोरा आणून ठेवलाय. जिभाऊ, तुमचा चुलता ज्या ओट्यावर बसायचा त्याबद्दल चार ओळी लिहून द्याल का? तुमच्याच बोलीत. कार्डावर तशाच उतरवू.

आणि जमलं तर ती लाल दोऱ्याची बाटली.

जिभाऊ धुळेकर (शुक्रवार, रात्री १०.४०)

बाटली माय गेल्यावर बहिणीने नेली. तिला विचारतो. ती देणार नाही, पण विचारतो.

शेवभाजी (शुक्रवार, रात्री १०.५२)

आणि ते पेशंटांचं बाकडं? त्याचं काय केलं?

पांढरीची माती (शुक्रवार, रात्री ११.०५)

ते आतल्या दारातून वळेना म्हणून ओसरीवरच ठेवलंय. समोर एसटीचा थांबा आहे. सकाळची गाडी उशिराच येते, तोवर माणसं त्यावर बसतात.